बेलीफ येण्याआधी घरात करून ठेवायची तयारी

सुरुवात पुढच्या दारापासून करा. दिवसा ते कोण उघडतं? तुम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत आणि घरात आई किंवा सासूबाई एकट्या, असं आपल्या पुष्कळ घरांत असतं. बेल वाजली की त्या गुडघ्याला हात लावत उठतात, दार सताड उघडतात आणि समोरचा ओळखीचा असो नसो, त्याला आत बोलावतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये काउन्सिल टॅक्सच्या (स्थानिक काउन्सिलच्या कराच्या) थकबाकीसाठी आलेल्या बेलीफला, म्हणजे वसुलीसाठी घरातल्या वस्तू ताब्यात घ्यायला येणाऱ्या माणसाला, पहिल्या खेपेला दार फोडून किंवा कुणाला ढकलून आत शिरता येत नाही. उघड्या दारातून, कुलूप न लावलेल्या दारातून किंवा कुणी ‘या’ म्हटल्यावर मात्र येता येतं. म्हणजे आपल्या घरची रीतच त्याला आत आणते.

आमच्याकडे तसंच झालं. नवऱ्याच्या ऑपरेशननंतर पगार थांबला, टॅक्सचे हप्ते चुकले आणि पत्रं फ्रिजवर साठत गेली. एका सकाळी आलेल्या माणसाला सासूबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर मराठीत सही करून दिली. त्या कागदावरच्या यादीत टीव्ही होता आणि ज्यावर ब्लाउज शिवून मी चार पैसे मिळवते ते शिलाई मशीनही होतं. घरात फक्त ७८ वर्षांची, इंग्रजी न समजणारी बाई आहे हे दिसताच त्याने परत फिरायला हवं होतं, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. तुम्हाला ते आधी कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. गावी बेलीफ म्हणजे दिवाणी कोर्टाचा समन्स बजावणारा. इथे त्याचं अधिकृत नाव एन्फोर्समेंट एजंट. काउन्सिलच्या वतीने येणारे बहुतेक जण खासगी कंपन्यांचे असतात, पण प्रत्येकाकडे कौंटी कोर्टाचं प्रमाणपत्र असावं लागतं आणि त्यांची नावं सरकारी रजिस्टरमध्ये ऑनलाइन बघता येतात. तो पोलीस नाही. तो तुम्हाला अटक करू शकत नाही. काउन्सिल टॅक्सला आपण घरपट्टी म्हणतो, तिथेही गफलत होते. घरपट्टी मालक भरतो, काउन्सिल टॅक्स सहसा राहणारा भरतो, मग तो भाडेकरू का असेना. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर बिलावर एकाचंच नाव असलं तरी दोघंही पूर्ण रकमेला बांधलेले असतात. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, तिथे शेरीफ ऑफिसर येतात, तेव्हा तिथल्यांनी तिथलाच सल्ला घ्यावा.

आता पत्रं. न उघडलेली सगळी पाकिटं आजच संध्याकाळी टेबलावर घ्या, उघडा आणि तारखेप्रमाणे लावा. हे काम एकट्याने करू नका, कुणाला तरी शेजारी बसवा. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि भरायला ७ दिवस मिळतात. तेवढ्यात भरलं नाही तर आणखी ७ दिवसांनी हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली जाते. त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचा समन्स, मग लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे थकबाकी वसूल करायला परवानगी देणारा कोर्टाचा आदेश. ही ऑर्डर मिळाल्यावर काउन्सिल पगारातून कापून घेऊ शकते, काही बेनिफिट्समधून (सरकारी भत्त्यांमधून) कापून घेऊ शकते किंवा बेलीफकडे प्रकरण देऊ शकते. घरात आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तर बेलीफऐवजी कपातीचा मार्ग घ्या, अशी विनंती तुम्हीच करायची.

ढिगात ‘नोटीस ऑफ एन्फोर्समेंट’ असं लिहिलेलं पत्र असेल तर ते सगळ्यात वर ठेवा आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. बेलीफने येण्याआधी ७ पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्यात रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. प्रकरण बेलीफकडे गेलं की पहिली फी चढते, तो घरी आला की दुसरी. २०१४ च्या नियमांनी ती ७५ आणि २३५ पौंड अशी ठरवली होती, आणि थकबाकी १,५०० पौंडांच्या वर असेल तर वरच्या रकमेवर साडेसात टक्के आणखी. तुमच्या पत्रावरचा आकडा नीट बघा. त्या ७ दिवसांत पैसे भरले किंवा हप्ता ठरला आणि पाळला, तर दुसरी फी टळते. म्हणून हे ७ दिवस फार मोलाचे.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुम्हालाच लिहायचं आहे. इथल्या कागदपत्रांत ‘व्हल्नरेबल’ हा शब्द येतो, आपण नाजूक परिस्थितीतला माणूस म्हणू. बेलीफांसाठी सरकारने २०१४ मध्ये काढलेल्या मानकांत असे कोण असू शकतात ते दिलं आहे: वृद्ध, अपंग, गंभीर आजारी, नुकतंच घरातलं माणूस गमावलेले, एकट्याने मुलं वाढवणारे, गरोदर बायका, बेरोजगार, आणि ज्यांना इंग्रजी समजायला, बोलायला किंवा वाचायला उघड अडचण आहे असे. शेवटचं पुन्हा वाचा. त्यात तुमच्या आई येतात, सासरे येतात. पण हे संरक्षण आपोआप मिळत नाही, समोरच्याला माहीत असेल तरच मिळतं. आपण आजारपण बाहेर सांगत नाही, मनाच्या आजाराबद्दल तर अवाक्षर काढत नाही. मंडळाच्या गणपतीत सगळे भेटतात, पण कर्जाची गोष्ट कुणी काढत नाही. मी हात जोडून सांगते, या एका पत्रापुरती ती लाज बाजूला ठेवा. घरात कोण आहे, वय काय, आजार काय, दार वाजल्यावर त्या माणसाची काय अवस्था होते, हे साध्या वाक्यांत लिहा. सोबत जीपीचं पत्र, हॉस्पिटलचं डिस्चार्जचं पत्र, बेनिफिट मंजुरीचं पत्र, जे असेल त्याची प्रत जोडा. एक ईमेल काउन्सिलला, तीच बेलीफ कंपनीला. मागण्या दोन: कारवाई थांबवा आणि प्रकरण काउन्सिलकडे परत घ्या. फोनवर बोलणं झालं तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत टिपून ठेवा.

याचा फायदा फक्त सहानुभूतीचा नाही. घरात १६ वर्षांखालची मुलं किंवा नाजूक परिस्थितीतला माणूस एवढेच असतील, तर बेलीफला आत शिरता येत नाही आणि वस्तूंवर ताबाही घेता येत नाही. कर्ज ज्याच्या नावावर आहे तोच अशा परिस्थितीत असेल, तर वस्तू उचलण्याआधी त्याला सल्ला घ्यायची पुरेशी संधी द्यावी लागते. ती दिली नाही तर भेटीची फी वसूल करता येत नाही.

पत्र गेलं की मूळ बिल बरोबर आहे का ते तपासा. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट असते. पूर्णवेळ विद्यार्थी मोजणीत येत नाहीत. डिमेन्शियासारख्या आजाराचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल आणि अटेंडन्स अलाउन्ससारखा ठरावीक बेनिफिट लागू होत असेल, तर ते माणूसही मोजत नाहीत. कमी उत्पन्नासाठीची काउन्सिल टॅक्स रिडक्शन ही सवलत २०१३ पासून इंग्लंडमध्ये प्रत्येक काउन्सिल आपापल्या नियमांनी देते, पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी नियम देशभर एक आहेत. याशिवाय १९९२ च्या कायद्यातल्या कलम १३ए खाली अगदी अडचणीतल्या घराची रक्कम कमी करायचा अधिकार काउन्सिलला आहे. त्यासाठी लेखी अर्ज लागतो.

व्हिसावर असलेल्यांनी इथे थांबून आपल्या व्हिसाच्या अटी बघाव्यात. ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ म्हणजे सरकारी मदत घ्यायला मनाई, ही अट असेल तर काउन्सिल टॅक्स रिडक्शन त्या अटीत येतं. सल्ला न घेता अर्ज केला तर व्हिसाला धोका होऊ शकतो. एकट्या प्रौढाची २५ टक्के सूट मात्र त्यात येत नाही, ती मागायला घाबरू नका.

सल्लागाराला याच आठवड्यात फोन करा. नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज आणि सिटिझन्स ॲडव्हाइस यांचा सल्ला फुकट मिळतो. पैसे घेऊन कर्जमुक्ती करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. दुभाषा हवा असेल तर सुरुवातीलाच मागा. सल्लागाराला ‘ब्रीदिंग स्पेस’बद्दल विचारा. मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सोय आहे. सल्लागारामार्फत ती लागू झाली की ६० दिवस बेलीफची कारवाई थांबते. मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत उपचार चालू असतील तर ते संपेपर्यंत आणि वर ३० दिवस. चालू महिन्याचा टॅक्स मात्र त्या काळातही भरत राहावा लागतो.

सल्लागाराला भेटायच्या आधी महिन्याचा जमाखर्च एका कागदावर मांडा. भाडं, वीज, गॅस, किराणा, औषधं, मुलांचा बसपास. गावी पाठवतो ते पैसेही लिहा, लपवू नका, सल्लागार त्यातूनच वाट काढतो. मग जेवढं खरोखर झेपेल तेवढाच हप्ता सुचवा. भीतीपोटी मोठा आकडा कबूल केला तर दुसऱ्याच महिन्यात तो मोडतो.

वस्तूंचं काम एका दुपारचं आहे. गॅसची शेगडी किंवा कुकर, फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग-गाद्या, जेवायचं टेबल आणि माणशी खुर्ची, एक फोन, औषधोपचाराची आणि म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाच्या देखभालीची साधनं यांना हात लावता येत नाही. पोटापाण्याची साधनं १,३५० पौंडांपर्यंत वाचतात, माझं शिलाई मशीन त्यातलंच. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तू घेता येत नाहीत, म्हणून भावाने दिलेल्या किंवा पाहुण्याच्या वस्तूंच्या पावत्या वेगळ्या काढा. गाडी दारात असेल तर तिलाच आधी क्लॅम्प (चाकाचं कुलूप) लागतो. अपंग माणसासाठी ब्लू बॅज (अपंगांचा पार्किंग परवाना) लावून वापरात असलेली गाडी घेता येत नाही, तेव्हा बॅज काचेमागे दिसेल असा ठेवा.

प्रत्यक्ष बेलीफ येतील तेव्हाची वेळ सकाळी ६ ते रात्री ९. दार बंद, कुलूप लावलेलं, मागचं दारही. लेटरबॉक्समधून किंवा वरच्या खिडकीतून बोला. ओळखपत्र आणि अधिकारपत्र आत टाकायला सांगा, मोबाइलवर चित्रीकरण करा, आवाज चढवू नका. ‘पोलीस बोलावतो’, ‘कुलूपवाला आणतो’ असं कुणी म्हटलं तरी दार उघडू नका. सही तर मुळीच नको. ‘कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंट’वर, म्हणजे वस्तू घरातच राहतील पण ताबा बेलीफचा, अशा करारावर सही झाली आणि पुढे हप्ता चुकला, तर नोटीस देऊन जबरदस्तीने आत यायचा हक्क त्यांना मिळतो. आमची खरी अडचण त्या मराठी सहीनेच झाली. आधीच सही झाली असेल तर कुणाची, कोणत्या अवस्थेत, हे लिहून लगेच सल्लागाराला दाखवा.

वागणूक चुकीची झाली तर तक्रार आधी कंपनी आणि काउन्सिलकडे लेखी करा. बेलीफ काउन्सिलच्या वतीने येतो, त्यामुळे त्याच्या वागण्याचं उत्तर काउन्सिलला द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर इंग्लंडमध्ये लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं.

राहिला दारामागचा कागद. आमच्याकडे तो कडीच्या वर, सासूबाईंच्या नजरेच्या उंचीवर चिकटवला आहे. मोठ्या अक्षरांत मराठीत: ‘दार उघडायचं नाही. सही करायची नाही. मला फोन करा.’ खाली माझा नंबर मराठी आकड्यांत, आणि मी उचलला नाही तर शेजारच्या वहिनींचा. दर रविवारी आम्ही एकदा बेल वाजवून बघतो. परवा सासूबाईंनी आतूनच विचारलं, ‘कोण आहे? कागद आत टाका.’