कॉलेजच्या साहित्य-अंकाकडे लेखन आणि चित्रं पाठवण्याआधी

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचे (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक कॉलेजांचे) साहित्य-अंक बहुतेक ठिकाणी विद्यार्थीच काढतात. एखादे प्राध्यापक सल्लागार असतात. निवड, मुद्रितशोधन आणि मांडणी मुलं करतात, तीही इतर अभ्यास आणि नोकरी सांभाळून. पाठवलेली फाइल उघडत नसेल तर ती दुरुस्त करत बसायला त्यांच्याकडे वेळ नसतो. चांगली कविता अशा कारणानं बाजूला पडणं फार वाईट, आणि ते पूर्णपणे टाळता येण्याजोगं आहे.

सुरुवात नियमावलीपासून करा, तीही यंदाच्या. गेल्या वर्षीची मुदत आणि शब्दमर्यादा यंदा तशीच असेल असं धरून चालू नका. पहिला प्रश्न पात्रतेचा. काही अंक फक्त चालू सत्रात नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांचं साहित्य घेतात, काही माजी विद्यार्थी, कर्मचारी आणि आसपासचे रहिवासी यांनाही जागा देतात. कॉलेजच्या ईमेलवरूनच पाठवा असं म्हटलं असेल तर ते पडताळणीसाठी असतं. खासगी पत्त्यावरून पाठवलेलं साहित्य न वाचता वगळलं जाऊ शकतं. अंक अनेकदा वसंत सत्राच्या अखेरीस निघतो, त्यामुळे साहित्य स्वीकारण्याची मुदत हिवाळ्यात किंवा त्याआधीच संपते. मुदतीची वेळ रात्री 11:59 दिली असली तरी दोन दिवस आधी पाठवा. शेवटच्या तासात फॉर्म अडकला तर मदतीला कोणी नसतं.

जमलं तर मागचा एक अंक ग्रंथालयात बसून चाळा. त्याचा आकार मोजणं खरं महत्त्वाचं. समजा पान 6 बाय 9 इंचांचं आहे. दोन्ही बाजूंना पाऊण इंच समास सोडला तर ओळीला साडेचार इंच उरतात. वर्डमध्ये पानाचा आकार आणि समास तेवढाच ठेवून आपली कविता त्यात टाकून पाहा. जी ओळ तिथे मोडेल ती बहुधा छापतानाही मोडेल. ती कुठे मोडावी हे आधी कवीनं ठरवलेलं बरं, नाहीतर ते काम मांडणी करणाऱ्याकडे जातं. ओळी आत सरकवायला स्पेसबारचे ठोके देऊ नका. फॉन्ट बदलला की ती रचना विस्कटते. टॅब किंवा इंडेंट वापरा आणि नियम परवानगी देत असतील तर वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा, म्हणजे कविता मुळात कशी दिसायची ते कळतं. कविता एकेरी अंतरात, प्रत्येक कविता नव्या पानावर. कडवं पानाच्या शेवटी तुटत असेल तर पुढच्या पानावर ते नवं आहे की चालू, हे लिहून ठेवा.

गद्याला वेगळं काही सांगितलेलं नसेल तर 12 पॉइंटचा साधा फॉन्ट, दुहेरी अंतर, एक इंच समास आणि पानांना आकडे. शब्दमर्यादा 3,000 असेल आणि कथा 3,400 शब्दांची असेल तर कापा किंवा दुसरी कथा पाठवा. अंकाची पानं छपाईच्या खर्चावर ठरलेली असतात. दुरुस्त्यांच्या खुणा आणि वर्गमित्रांचे शेरे फाइलमध्ये राहून गेलेले असतात. सगळे बदल स्वीकारून, शेरे काढून नवी प्रत जतन करा.

नाव लपवण्याच्या पायरीवर सगळ्यांत जास्त चुका होतात. निवड अनेक ठिकाणी निनावी होते, कारण वाचणारी मुलं लिहिणाऱ्यांना ओळखत असतात. पहिल्या पानावरचं नाव सगळे काढतात. पानाच्या डोक्यावरचं, फाइलच्या नावातलं आणि फाइलच्या माहितीतलं तसंच राहतं. विंडोजवरच्या वर्डमध्ये ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ या वाटेनं फाइलच्या माहितीतलं नाव पुसता येतं. फाइलला साहित्याच्या मथळ्याचंच नाव द्या. चित्रावर सही असेल तर मूळ चित्राला हात लावू नका. काय करायचं ते संपादकांना विचारा.

चित्रांच्या बाबतीत पिक्सेल मोजा. छपाईला इंचामागे 300 पिक्सेल लागतात, म्हणजे 6 बाय 9 चं पूर्ण पान भरायला 1,800 बाय 2,700. लहान फोटोचा डीपीआयचा (इंचामागे किती ठिपके याचा) आकडा 72 वरून 300 केला म्हणून तपशील वाढत नाही. 12 मेगापिक्सेलचा फोन या कामाला पुरतो, पण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःला पाठवून घेतला की आकसतो. कॅमेऱ्यातली मूळ फाइलच वापरा. आयफोन फोटो ज्या हेइक (HEIC) प्रकारात ठेवतो ती फाइल अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत, तिची जेपीइजी करून ठेवा.

रंगवलेल्या चित्राचा फोटो काढताना काच काढा, फ्लॅश बंद ठेवा. चित्र भिंतीवर सरळ टांगा आणि कॅमेऱ्याचं भिंग त्याच्या मध्यासमोर, समांतर धरा. नाहीतर चौकोनाचा समलंब होतो. सावलीतला दिवसाचा उजेड उत्तम. दिवे वापरायचे तर एकाच जातीचे दोन, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की पांढरा कागद एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला पिवळट दिसतो आणि तो दोष नंतर नीट निघत नाही. तैलरंगावर चकाकी येत असेल तर दिवे आणखी बाजूला न्या. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे छपाईत मंद होतात, हे गृहीत धरा. सोबत मथळा, माध्यम, वर्ष आणि इंचांतली मापं द्या, आधी उंची, मग रुंदी.

मराठी कविता इंग्रजी अनुवादासह पाठवायची असेल तर ती चालते का हे आधी विचारा. चालत असेल तर युनिकोडमध्ये टाइप करा आणि फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ जोडा. पानांची मांडणी करायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर ही सोय निवडली नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात, आणि मराठी न वाचणाऱ्याला ते दिसतही नाही. ही एक ओळ संपादकांना पाठवायच्या पत्रात जरूर लिहा.

परिचय तृतीयपुरुषी, साधारण 50 शब्दांचा, वेगळ्या फाइलमध्ये किंवा फॉर्ममधल्या रकान्यात.

हक्कांची कलमं वाचल्याशिवाय खूण करू नका. प्रथम प्रकाशनाचा हक्क मागणं सर्वसाधारण आहे. प्रताधिकारच कायमचा मागितला असेल तर प्रश्न विचारा. इन्स्टाग्रामवर टाकलेली कविता काही अंक आधीच प्रकाशित मानतात. गाण्याच्या ओळी उद्धृत केल्या असतील तर अमुक ओळींपर्यंत मोकळीक असा आकडा अमेरिकी कायद्यात नाही. परवानगी घ्या किंवा ओळी काढा. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून चित्र काढलं असेल तर तेही सांगा. आठवणीपर लेखनात खरी माणसं असतील तर नावं बदला, कारण हा अंक त्याच गावात वाचला जातो.

साहित्य इतरत्रही पाठवलं असेल आणि तिकडे स्वीकारलं गेलं तर त्याच दिवशी इथून मागे घ्या. पाच कवितांपैकी एकच गेली असेल तर तिचा मथळा स्पष्ट लिहा, नाहीतर सगळा संच वगळला जातो. पोचपावतीचा ईमेल जपून ठेवा. निवड झाल्यावर तपासायला पान येईल तेव्हा ते मूळ फाइलशेजारी ठेवून वाचा: ओळींचे तुकडे, तिरपी अक्षरं, नावाचं स्पेलिंग. दुरुस्त्यांची यादी एकाच ईमेलमध्ये पाठवा, पान आणि ओळ क्रमांकासह.