डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड घरीच साफ केला
१,४०,००० किलोमीटर झालेली गाडी घाटात ओढेना, काळा धूर सोडायला लागली. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग, उतरवला तर अंगठा जाईल एवढ्या भोकात करंगळीही शिरेना. ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) येणारी काजळी आणि ब्रीदरमधली (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर बसतो.

आधी हेडच्या पोर्टमध्ये (इंजिनात हवा शिरते ती भोकं) स्वच्छ फडकी कोंबली. आत खपली पडली की व्हॉल्व्हचं नुकसान. मॅनिफोल्ड रात्रभर डिझेलमध्ये बुडवला, सकाळी लाकडी पट्टीने आणि बाटलीच्या ब्रशने खरवडला. दोनदा डिझेल बदललं. मग पूर्ण सुकवला. इथे घाई अजिबात करू नका, आत डिझेल साचून राहिलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि रेस आवरत नाही. गॅस्केट नवीच घातली. परवा तोच चढ गाडीने तिसऱ्या गिअरवर घेतला!