मेंदी लावण्यापूर्वी चार केसांवर पाहा
पंचवटीतल्या आमच्या घरी, भाच्याच्या हळदीच्या आदल्या रात्री मी पहिल्यांदाच केसांना मेंदी लावली आणि सकाळी कानशिलांवरचे पांढरे केस गाजरासारखे केशरी झालेले पाहून घरभर हशा पिकला. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केसांतील केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटते, त्यामुळे काळ्या केसांवर जेमतेम लालसर झाक येते, पांढऱ्यांवर मात्र भडक केशरी, आणि ते सहजी धुऊन जात नाही. म्हणून कंगव्यात आलेले पांढरे केस दोऱ्याने बांधून आधी त्यांवर मिश्रण लावावे व रंग मुरायला दोन दिवस द्यावेत. केशरी नको असल्यास मेंदी धुतल्यावर केस गडद करणारी इंडिगो पावडर (नीळ वनस्पतीच्या पानांची पूड) लावावी. ‘काळ्या मेंदी’त अनेकदा पीपीडी हे ॲलर्जी होऊ शकणारे रसायन असते; तिची चाचणी ४८ तास आधी कानामागे घ्यावीच.