आर्टिकलशिपला निघालेल्यांसाठी

सीए का व्हायचे आहे, असे विचारले की नाशिकच्या कॉलेज रोडवरील क्लासमधून बाहेर पडणारी बहुतेक मुले पगार, प्रतिष्ठा किंवा आईवडिलांची इच्छा अशी कारणे सांगतात. मीही तीच सांगत असे. ती खोटी नसतात, पण नापास झाल्यावर फारशी कामाला येत नाहीत. सीएच्या इंटरमिजिएट, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परीक्षेत, पेपरांच्या गटात प्रत्येक पेपरला ४० गुण मिळवून भागत नाही, एकूण ५० टक्के लागतात. माझ्या वेळी गटात चार पेपर होते आणि मला ४०० पैकी १९६ पडले. एकाही पेपरात तो पुन्हा देण्यापासून सूट मिळण्याइतके ६० गुण नसल्याने चारही पेपर पुन्हा द्यावे लागले, आणि त्या सहा महिन्यांत पगाराचा आकडा आठवून पुस्तक उघडावेसे एकदाही वाटले नाही.

विषयाची गोडी लागली ती आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए फर्ममधल्या सक्तीच्या उमेदवारीत, तीही स्वतःच्या चुकीमुळे. ३१ मार्चला अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ऑडिटसाठी साठ्याच्या मोजणीला मला पाठवले होते. पत्र्याखाली उकाडा असह्य होता, वरच्या रॅकवरच्या पेट्या उतरवायला कोणी नव्हते, म्हणून स्टोअरकीपरच्या वहीतला आकडा मी माझ्या कागदावर उतरवला आणि तपासल्याची टिक केली. संध्याकाळी फर्मच्या सरांनी कागद चाळताना विचारले, "या पेट्या उघडून पाहिल्यास?" मी गप्प राहिलो. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा तिथेच पाठवले. मधली आवक-जावक चलनांवरून हिशेबात धरून मी मोजले, तेव्हा पेट्या वहीप्रमाणे ४० भरल्या, मात्र त्यांतल्या ६ रिकाम्या होत्या. (लबाडी नसावी, परत पाठवायच्या राहून गेल्या असतील.) २००९ साली सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली हजारो कोटींची बँक-शिल्लक बनावट निघाली, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो; पण आपली टिक म्हणजे काय, हे त्या सहा पेट्यांपाशी कळले.

सीए अभ्यासक्रमाच्या २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, त्यामुळे केवळ रिटर्न भरण्यात वर्ष घालवणे आता परवडणारे नाही. फर्म निवडताना स्टायपेंड अवश्य विचारा, परंतु तिथल्या जुन्या आर्टिकलला बाजूला घेऊन एवढेही विचारा, की त्याने केलेल्या टिक-खुणेवर सर कधी प्रश्न विचारतात का.