फुलदाणीतली फुलं दोन दिवसात मान टाकतात, काय करायचं?

दादरच्या फुलबाजारातून नाहीतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून हौसेने फुलं आणायची आणि तिसऱ्या दिवशी टाकून द्यायची, वर शिव्या फुलवाल्याला. फुलं शिळी असतात कधीकधी, पण बहुतेकदा गडबड देठाच्या तोंडाशी असते. देठ कापला की आत हवा शिरते, शिवाय पाण्यात बॅक्टेरिया वाढले की देठातल्या बारीक नळ्या बुजतात, मग फुलदाणी भरलेली असली तरी फूल तहानलेलंच.

म्हणून घरी आणल्या आणल्या धारदार सुरीने देठ इंचभर तिरका कापा, बोथट कात्रीने तो चेचला जातो, आणि जमलं तर बादलीत पाण्याखाली धरूनच कापा. पाण्यात बुडतील ती पानं सगळी काढा, आधी तीच सडतात. फुलदाणी साबणाने घासून घ्या, हे कोणीच करत नाही! पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदला, तेव्हा देठही परत थोडा कापा.

पाण्यात काही घालायचंच असेल तर लिटरभर पाण्यात साध्या ब्लीचचे काही थेंब आधी नीट मिसळा, मग चमचाभर साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस. नुसती साखर नको, ती बॅक्टेरियाच खातात. आणि टॉयलेट क्लीनर म्हणजे ब्लीच नाही हां, त्यात ॲसिड असतं, दोन्ही एकत्र झाले तर विषारी गॅस होतो.

आता फुलाफुलाप्रमाणे. जरबेऱ्याचा देठ मऊ, पटकन कुजतो, त्याला दोन-तीन इंच पाणी बास. गुलछडी खालून वर उमलते, त्यामुळे सुकलेली फुलं खुडत राहायची, शेंड्याच्या एकदम बारक्या कळ्या पण खुडून टाकल्या तर मधल्या चांगल्या फुलतात. ग्लॅडिओलस आडवा ठेवलात तर शेंडा वाकडा होणार. गुलाबाने मान टाकली तर देठ परत कापून अख्खा गुलाब टबात तासभर आडवा बुडवून ठेवा, बऱ्याचदा उठतो. लिलीचे परागकण कपड्याला लागले की डाग जात नाही, म्हणून ते टिश्यूने आधीच काढायचे, आणि घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, मांजराची किडनी फेल होते.

फुलदाणी डायनिंग टेबलवर आंब्या-केळ्यांशेजारी नको, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन गॅस निघतो त्याने फुलं लवकर कोमेजतात, पंख्याखाली पण नको.

कुंडीतल्या फुलझाडांचं बरोब्बर उलटं, ती जास्त पाण्याने मरतात. माती बोटभर आत कोरडी लागली तरच पाणी द्या, बशीत साचलेलं ओतून टाका. पीस लिली तर स्वतःच सांगते, पानं लोंबली की पाणी द्यायचं, काही तासांत उभी. अँथुरियमला फुलं येत नसतील तर खत नंतर बघू, आधी खिडकीजवळ सरकवा, पण थेट ऊन नको.