मुंबईच्या दमट हवेत इलेक्ट्रिक गिटारसाठी कोटेड तारा कशा निवडाव्यात

जूनच्या पहिल्या सरी आल्या की आमच्या दादरच्या खोलीत दोन गोष्टी ठरलेल्या: पापड सादळतात आणि गिटारच्या तारा गंजतात. इलेक्ट्रिकची तार शेवटी पोलादाचीच, त्यात लोकलमधून उतरलेल्या बोटांचा खारट घाम. साधा सेट पावसाळ्यात माझ्याकडे महिनाभरसुद्धा धड टिकत नाही. म्हणून कोटेड तारा, म्हणजे वर पातळ संरक्षक थर असलेल्या, घ्यायच्या. पण दुकानात जाऊन नुसतं "कोटेड द्या" म्हणून भागत नाही.

आधी जुन्या तारा तपासा. पांढरं सुती फडकं तारेखालून घालून चिमटीत धरा आणि ब्रिजपासून (गिटारच्या अंगावर तार टेकते तिथून) नटपर्यंत (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) एकदा ओढा. तपकिरी रेघ उमटली तर गंज, काळी उमटली तर घामाचा मळ. मग तारेच्या खालच्या बाजूने नख फिरवा. फ्रेटवर तार दाबली जाते तिथे बारीक खाच लागेल. रेघ गडद असेल तर कोटिंगचा तुम्हाला नक्की उपयोग आहे. फडकं जवळपास स्वच्छ आणि खाचा मात्र खोल, असं असेल तर तुमचा हात जड आहे. खाचा कोटिंगने थांबत नाहीत, त्यामुळे जास्तीचे पैसे घालू नका. तार दर वेळी ब्रिजवर एकाच जागी तुटत असेल तरी तेच. तिथे सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची, धार बघायला हवी.

गेज, म्हणजे तारांची जाडी, आत्ता जे आहे तेच ठेवा. ९-४२ वरून एकदम १०-४६ वर गेलात तर ताण वाढतो, नेकचा बाक बदलतो, आणि स्ट्रॅटसारखा ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) असेल तर ब्रिज पुढे उचलला जातो. मग हाताला वेगळं लागलं ते कोटिंगमुळे की जाडीमुळे, हे कळायचं कसं? (हे आकडे सेटमधल्या सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाड तारेचे, इंचाच्या हजाराव्या भागात: ९ म्हणजे ०.००९ इंच.)

आता कोटिंग. जाड तारेत मधल्या गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. काही कंपन्या ही गुंडाळायची तार आधी कोट करतात आणि मग गाभ्यावर गुंडाळतात. एलिक्सर या ब्रँडच्या तारांमध्ये गुंडाळून झालेल्या अख्ख्या तारेवर थर असतो, त्यामुळे वेढ्यांच्या फटीत मळ शिरत नाही. गंमत म्हणजे एलिक्सर बनवणारी डब्ल्यू. एल. गोअर हीच गोअर-टेक्स रेनकोटवाली कंपनी! त्यांचे तीन प्रकार आहेत. पॉलीवेब सगळ्यांत गुळगुळीत आणि आवाजाला मऊ, ऑप्टिवेब सगळ्यांत पातळ आणि साध्या तारेच्या जवळचा, नॅनोवेब मधला. साध्या तारांची सवय असेल तर पातळ थरापासूनच सुरुवात करा. जाड थरावर बोट सरकतं, पहिले दोन दिवस बेंड (तार ओढून सूर चढवणं) हातातून निसटल्यासारखे वाटतात.

पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सेटमधल्या बारीक तीन तारा बहुधा प्लेन, म्हणजे वेढे न गुंडाळलेल्या, असतात आणि मुंबईत आधी गंजतात त्या ह्याच. कोटिंग फक्त जाड तिघींवर आहे की बारक्या तारांनाही गंजरोधक मुलामा आहे, ते पाहा. धोबी तलावच्या जेर महालातल्या फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात काउंटरवर विचारायला लाजू नका.

किमतीला कोटेड सेट साध्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही महाग पडतो. म्हणून पहिल्यांदा एकच घ्या. मी पाकिटावर बसवल्याची तारीख लिहून ते गिगबॅगच्या कप्प्यात ठेवतो. सेट दुप्पट महाग असेल तर तो दुप्पट दिवस टिकला की पैसे वसूल.

बसवताना पक्कडीने तार ओरबाडू नका, थर तिथेच फाटतो. वाजवायच्या आधी हात धुवा, नंतर कोरड्या फडक्याने पुसा. स्पिरिट किंवा तार साफ करायचं द्रव्य कोटेड तारेला लावू नका.

काही महिन्यांनी पिक लागतो तिथे बारीक पांढरे धागे सुटलेले दिसतील. तो फक्त थर झिजतोय. आवाज चांगला असेल तर वाजवत राहा. तार ट्यूनमध्ये राहीनाशी झाली किंवा बारकी तार बोटाला खरखरीत लागली, की मात्र पूर्ण सेट बदला.