एसएनएमपी कस्टम सेन्सर लावताना या चुका टाळा : हिरवा दिसतो म्हणून आकडा बरोबर नसतो

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची माहिती विचारण्याची पद्धत, आणि सेन्सर म्हणजे मॉनिटरिंग सॉफ्टवेअरनं ठरावीक वेळानं केलेली एका आकड्याची चौकशी. कस्टम सेन्सर लावला, तो हिरवा झाला, की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. हिरव्या रंगाचा अर्थ मात्र एवढाच असतो, की विचारलेल्या ओआयडीला (त्या माहितीच्या आकड्यांतल्या पत्त्याला) उपकरणानं काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर नेमकं कशाचं आहे, त्याचं एकक कोणतं, आकडा त्या क्षणाचा आहे की सुरुवातीपासून साठत आलेला, यातलं काहीच सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. तयार सेन्सरमध्ये हे सगळं आधीच ठरवलेलं असतं. कस्टम सेन्सरमध्ये ते आपल्याला ठरवावं लागतं. एरर देणाऱ्या सेन्सरची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण त्याच्याकडे कुणीतरी बघतंच. चुकीचा आकडा निमूटपणे दाखवत राहणारा सेन्सर जास्त धोक्याचा. नेमकी गरज असते त्या दिवशी तो तोंडघशी पाडतो.

एक सूचना आधीच देतो. इथले ओआयडी देवनागरी अंकांत छापले आहेत, सॉफ्टवेअरमध्ये भरताना इंग्रजी अंकच वापरा.

टाइमआउट आला की उपकरणालाच दोष देणं

एसएनएमपीच्या व्हर्जन १ आणि २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) चुकली तर उपकरण तसं कळवत नाही, उत्तरच देत नाही. त्यामुळे चुकीची कम्युनिटी, फायरवॉलनं अडवलेला यूडीपी पोर्ट १६१, बंद पडलेली एसएनएमपी सर्व्हिस आणि परवानगीच्या यादीत नसलेला मॉनिटरिंग सर्व्हरचा पत्ता, या चारही गोष्टी स्क्रीनवर अगदी सारख्या दिसतात : टाइमआउट. काही जण घाईघाईनं पोर्ट १६२ उघडतात. तो ट्रॅपसाठी, म्हणजे उपकरणानं आपणहून पाठवलेल्या सूचनांसाठी असतो. पोलिंगला, म्हणजे आपण ठरावीक वेळानं विचारण्याला, त्याचा काही उपयोग नाही.

तपासणी स्वतःच्या लॅपटॉपवरून करू नका. सेन्सरची विनंती ज्या मशीनवरून जाते, त्याच मशीनवरून करा. रिमोट प्रोब (दुसऱ्या मशीनवरून सेन्सर चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर प्रोबच्या मशीनवरून. लॅपटॉपला परवानगी आहे आणि सर्व्हरला नाही, असं सर्रास असतं. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील तर विनंती भलत्याच पत्त्यावरून बाहेर पडत नाही ना, तेही बघा. उलट बाजूनंही असं होतं : राउटरला एका पत्त्यावर विचारलं आणि उत्तर दुसऱ्या इंटरफेसच्या पत्त्यावरून आलं, तर मधला फायरवॉल ते टाकून देतो.

डेबियन आणि उबुंटूवर नेट-एसएनएमपी (लिनक्सवरचं एसएनएमपी सॉफ्टवेअर) नुसतं इन्स्टॉल केलं तर दोन अडथळे लागोपाठ येतात. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये एजंट (विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्रॅम) फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, म्हणून त्या मशीनवर बसून विचारलं की उत्तर येतं आणि बाहेरून टाइमआउट. हे दुरुस्त केलं की सिस्टिमचं नाव, वर्णन वगैरे यायला लागतं, पण इंटरफेसचा तक्ता येत नाही. कारण त्याच कॉन्फिगरेशन फाइलमधला व्ह्यू (बाहेरून कोणते ओआयडी दिसावेत याची यादी) सिस्टिमची माहिती आणि आणखी एक छोटा भाग एवढ्यापुरताच उघडा ठेवलेला असतो. इथे बरेच जण ओआयडी चुकला समजून तासन्‌तास शोधत बसतात. हवी ती शाखा व्ह्यूमध्ये घातली आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली की प्रश्न मिटतो.

व्हर्जन ३ मध्ये युजरनेम, सिक्युरिटी लेव्हल आणि ओळख पटवण्याचा व एन्क्रिप्शनचा असे दोन्ही अल्गोरिदम दोन्हीकडे तंतोतंत जुळावे लागतात, आणि पासफ्रेज किमान ८ अक्षरांचा लागतो. एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या सर्व्हरांवर एक खास त्रास दिसतो : सगळ्यांचा इंजिन आयडी (व्हर्जन ३ मधली प्रत्येक एजंटची ओळख) सारखाच राहतो. मग मॉनिटरिंग सर्व्हरचा वेळेचा हिशेब बिघडतो आणि सेन्सर अधूनमधून, काही ठराविक कारण न दिसता, लाल होतात. क्लोन केल्यावर प्रत्येक मशीनचा इंजिन आयडी नव्यानं तयार करून घ्या.

अर्धवट ओआयडी

एमआयबी म्हणजे ओआयडींची नावं आणि अर्थ देणारी फाइल. एमआयबी ब्राउझरमध्ये सिस्टिम अपटाइमचा (किती वेळ चालू आहे याचा) ओआयडी १.३.६.१.२.१.१.३ असा दिसतो. तो जसाच्या तसा सेन्सरमध्ये भरला तर काही मिळत नाही. एकच किंमत असलेल्या ऑब्जेक्टच्या शेवटी शून्य लागतं : १.३.६.१.२.१.१.३.०. तक्त्यातली किंमत हवी असेल तर शेवटी त्या ओळीचा इंडेक्स, म्हणजे ती ओळ ओळखणारा क्रमांक लागतो.

‘वॉक केलं की येतं, सेन्सरमध्ये येत नाही’ ही तक्रार इथूनच निघते. वॉक ‘यापुढचं काय ते दे’ असं विचारत जातं, म्हणून अर्धवट ओआयडीही चालून जातो. सेन्सर मात्र गेट पाठवतो, आणि गेटला पूर्ण पत्ता लागतो. २सी आणि ३ मध्ये उपकरणाचं उत्तर नीट वाचलंत तर निम्मं निदान तिथेच होतं. ‘नो सच इन्स्टन्स’ आलं तर ऑब्जेक्ट आहे, शेवटचा इंडेक्स चुकला आहे. ‘नो सच ऑब्जेक्ट’ आलं तर ते उपकरण ही माहिती ठेवतच नाही, किंवा व्ह्यूमध्ये ती झाकलेली आहे. व्हर्जन १ मध्ये दोन्हीसाठी एकच ‘नो सच नेम’ येतं.

नेट-एसएनएमपीच्या एक्स्टेंड या सोयीनं स्वतःची स्क्रिप्ट जोडणाऱ्यांचा गोंधळ वेगळा. तिथला इंडेक्स म्हणजे नावाची लांबी आणि मग प्रत्येक अक्षराचा आस्की क्रमांक. इंग्रजीत टी-ई-एम-पी अशा चार अक्षरांचं नाव दिलंत, तर पहिल्या ओळीच्या आउटपुटचा ओआयडी १.३.६.१.४.१.८०७२.१.३.२.३.१.१ आणि पुढे ४.११६.१०१.१०९.११२ असा होतो. नाव बदललं की ओआयडी बदलला. शिवाय हे आउटपुट स्ट्रिंग म्हणून येतं, आणि स्क्रिप्ट एजंटच्या मर्यादित युजरखाली चालते. रूट म्हणून चालवून पाहिलेली स्क्रिप्ट सेन्सरमध्ये रिकामी येते ती बहुतेक वेळा परवानगीमुळे.

इंडेक्स कायमचा असतो असं समजणं

स्विचच्या पोर्टचा इंडेक्स रीबूटनंतर, नवं मॉड्यूल बसवल्यावर किंवा फर्मवेअर बदलल्यावर बदलू शकतो. सेन्सरचं नाव ‘अपलिंक’च राहतं, ओआयडीतला क्रमांक मात्र आता दुसऱ्याच पोर्टचा. सेन्सर हिरवा, आलेख चालू, माहिती भलत्याची. काही उपकरणांत इंडेक्स कायम ठेवण्याची सेटिंग असते, ती चालू करा. तशी नसेल तर इंटरफेसचं नाव १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१ या कॉलममधून वाचून त्यावरून इंडेक्स शोधण्याची सोय वापरा. झॅबिक्ससारख्या साधनांत ती आहे.

काउंटर आणि गेज यांची गल्लत

सगळ्यात जास्त चुकीचे आलेख इथे तयार होतात. तापमान, बॅटरीचा चार्ज, मोकळी मेमरी या गेज किंमती : जो आकडा आला तो त्या क्षणाचा. इंटरफेसवरचे ऑक्टेट (बाइट) किंवा एररची संख्या हे काउंटर : ते वाढतच जातात आणि दोन वाचनांमधला फरक काढल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. काउंटर गेज म्हणून लावला तर डोंगर चढत गेल्यासारखी रेषा दिसते, ती लगेच खटकते. उलटी चूक लपून राहते. तापमान डेल्टा (दोन वाचनांमधला फरक) म्हणून लावलं आणि खोली स्थिर ४२ अंशांवर असली, तर प्रत्येक वाचनाचा फरक शून्य. आलेख शून्यावर सपाट, सेन्सर हिरवा, आणि खोली तापलेली.

काउंटर असेल तर तो किती बिटांचा हे बघा. १.३.६.१.२.१.२.२.१.१० हा येणाऱ्या ऑक्टेटचा जुना काउंटर ३२ बिटांचा आहे. ४२९,४९,६७,२९५ पर्यंत पोचला की पुन्हा शून्यापासून सुरू. १०० मेगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर याला पावणेसहा मिनिटांच्या आसपास लागतात. १ गिगाबिटवर फक्त ३४ सेकंद. म्हणजे दर ६० सेकंदांनी पोलिंग करणाऱ्या सेन्सरला मधे काउंटर किती वेळा फिरला हे कळायला मार्गच नाही. लिंक जितकी व्यस्त, तितका आलेख खोटा. आणि तुम्ही मॉनिटरिंग लावता ते व्यस्त लिंकसाठीच. म्हणून ६४ बिटांचे काउंटर वापरा : येणाऱ्यासाठी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ आणि जाणाऱ्यासाठी त्याच तक्त्यातला १०. ते व्हर्जन १ मध्ये मिळत नाहीत, किमान २सी हवं. आकडा बाइटमध्ये असतो, बिट हवे असतील तर ८ नं गुणा.

उपकरण रीबूट झालं की काउंटर शून्यावर येतात आणि काही साधनं त्याला ‘फिरला’ समजून आभाळाला भिडणारा सुळका काढतात. असा सुळका दिसला की त्याच वेळचा अपटाइम बघा.

एककाची दखल न घेणं

यूपीएसच्या प्रमाणित एमआयबीमध्ये बॅटरीचं व्होल्टेज दशांश व्होल्टमध्ये येतं : ५४६ म्हणजे ५४.६ व्होल्ट. सेन्सरमध्ये १० नं भागायचं राहिलं तर ‘५० च्या खाली गेलं तर अलर्ट’ ही मर्यादा कधीच लागू होणार नाही.

डिस्कचं उदाहरण जरा जवळून बघू. होस्ट रिसोर्सेस एमआयबीमध्ये १.३.६.१.२.१.२५.२.३.१.६ या कॉलममध्ये वापरलेली जागा मिळते, पण ती अॅलोकेशन युनिटमध्ये, म्हणजे डिस्कवर जागा वाटण्याच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत. युनिटचा आकार त्याच तक्त्याच्या ४ क्रमांकाच्या कॉलममध्ये असतो. समजा आकडा आला २६,२१,४४० आणि युनिट ४०९६ बाइटचं आहे. गुणाकार बरोबर १० जीबी. हाच आकडा किलोबाइट समजलात तर अडीच जीबी. डिस्क चारपट भरलेली असताना तुम्ही निश्चिंत.

लिनक्सच्या लोड अॅव्हरेजमध्ये आणखी वेगळी गंमत आहे : १.३.६.१.४.१.२०२१.१०.१.३ हा ओआयडी आकडा स्ट्रिंग म्हणून देतो आणि संख्या मागणारे सेन्सर तिथे अडतात. त्याच तक्त्यातला ५ घ्या, तो १०० नं गुणलेला पूर्णांक असतो. आणि तापमान अचानक ४२९,४९,६७,२९५ दिसलं तर आग लागलेली नाही. ते -१ आहे, सेन्सरमध्ये साइन्डऐवजी अनसाइन्ड निवडलं आहे.

अपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि तोही ३२ बिटांचा, त्यामुळे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. रीबूटचा खोटा अलर्ट येतो तो असा. शिवाय १.३.६.१.२.१.१.३.० हा एजंटचा अपटाइम आहे, लिनक्सवर एसएनएमपी सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी तो शून्यावर जातो. मशीनचा अपटाइम हवा असेल तर १.३.६.१.२.१.२५.१.१.० घ्या.

स्टेटसच्या आकड्यांचे अंदाज बांधणं

इंटरफेसच्या ऑपरेशनल स्टेटसमध्ये १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. यूपीएसच्या बॅटरी स्टेटसमध्ये २ म्हणजे सगळं ठीक, ३ म्हणजे बॅटरी कमी, आणि १ म्हणजे माहीत नाही. एकाची मर्यादा कॉपी करून दुसऱ्याला लावलीत तर धडधाकट यूपीएसवर अलर्ट येत राहतील. इंटरफेसला तरी ‘२ आला तर अलर्ट’ एवढं पुरत नाही, खालचा थर पडला तर ७ येतो. ‘१ नसेल तर अलर्ट’ असं लावा. प्रत्येक आकड्याचा अर्थ लुकअप किंवा व्हॅल्यू मॅपमध्ये नोंदवून ठेवा, म्हणजे रात्री अलर्ट बघणाऱ्याला एमआयबी उघडावी लागणार नाही.

एमआयबीबद्दल एवढंच : ती फाइल इम्पोर्ट केल्यानं उपकरण नवी माहिती द्यायला लागत नाही, फक्त आकड्यांना नावं मिळतात. इम्पोर्ट अडलं तर फाइलच्या सुरुवातीला ज्या दुसऱ्या एमआयबींचा उल्लेख असतो त्या आधी आणा.

पोलिंगचा वेग १० सेकंदांवर नेण्याचा मोहही आवरा. कित्येक उपकरणं आतला आकडाच तितक्या लवकर बदलत नाहीत, आणि लहान स्विचचा सीपीयू मोठे तक्ते वारंवार वाचून दाखवताना दमतो. मग खऱ्याखुऱ्या कारणाशिवाय टाइमआउट सुरू होतात.

अलर्ट एकदाही वाजवून न बघणं

सेन्सर लावल्यावर आलेला आकडा उपकरणाच्या स्वतःच्या स्क्रीनवरच्या किंवा कमांडच्या आकड्याशी ताडून बघा. मग मर्यादा मुद्दाम आताच्या किमतीच्या अलीकडे आणा आणि मेसेज योग्य माणसापर्यंत पोचतो का ते पाहा. कामाच्या नसलेल्या पोर्टची केबल काढा, स्टेटस बदलायला किती वेळ लागतो ते मोजा. शेवटी उपकरणावरची एसएनएमपी सर्व्हिस थोडा वेळ थांबवा : माहिती येणंच बंद झालं तर सेन्सर शेवटचा चांगला आकडा धरून बसतो की आवाज करतो, हे तेव्हाच कळतं. धरून बसत असेल तर ‘माहिती नाही’ यासाठी वेगळा अलर्ट लावा, मर्यादा पूर्ववत करा आणि मगच तो सेन्सर डॅशबोर्डवर टाका.